डोंगर आहे, पण आत

पुण्यामुंबईची तरुण मंडळी पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर चढतात, घाम गाळतात, सुळक्यापाशी उभं राहून फोटो काढतात आणि घरी आल्यावर दोन दिवस मांड्या चोळत बसतात. कर्नाळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ४४० मीटर. लातूर शहर आहे सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे कर्नाळ्याच्या माथ्यावर झेंडा घेऊन उभा असलेला गडी हा लातुरात गंजगोलाईच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या बाईपेक्षा दीडेकशे मीटर खालीच असतो. शिवाय बाईच्या हातात पाच किलोची पिशवी असते. तिला मात्र आजवर कुणी गिर्यारोहक म्हटलेलं नाही.

आम्ही बालाघाटाच्या पठारावरची माणसं. डोंगरावर जन्मतो, डोंगरावरच औत धरतो, पण सगळा मुलूखच एकदम वर उचलला गेल्यामुळं त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्यातून आमची किल्लारी म्हणजे औसा तालुक्यातलं तेरणेकाठचं काळं रान. नजर टाकावी तिकडं सपाट. गावात मान वर करून बघावं असं काय, तर पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर. दोन्हींवर सहल नेता येत नाही.

तरी आमच्याकडं डोंगर नाहीच असं म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. तोवर देशाच्या भूकंप नकाशात आम्ही सगळ्यात निर्धास्त पट्ट्यात होतो. नकाशा चुकला म्हटल्यावर भूगर्भवाले किल्लारीत आले आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं इथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर नुसता काळा फत्तर लागला, त्याखाली थोडा गाळ आणि मग त्याहून कितीतरी जुना पायाचा खडक. ३३८ मीटर फत्तर! सह्याद्रीत हाच फत्तर उभा राहिला, त्याला तट-बुरूज लाभले, त्याच्यावर पोवाडे झाले. आमच्याकडं त्यानं आडवं पडून राहायचं ठरवलं. डोंगर आहे, पण आत. तो बघायला बूट आणि दोर चालत नाहीत, बोअरची गाडी लागते. आणि आम्ही बोअर पाण्यासाठी मारतो, निसर्गाच्या ओढीनं मारत नाही.

किल्ल्यांचंही तेच. औशाचा किल्ला बांधणाऱ्यानं मुद्दाम खोलगट जागा धरली. चारी बाजूंची जमीन उंच. वरच्या बुरुजावरून शत्रू लांबूनच दिसावा आणि शत्रूला मात्र किल्ल्याचा बराचसा भाग दिसूच नये, अशी योजना. युद्धशास्त्राच्या दृष्टीनं ही फार हुशारी झाली. सहलीच्या दृष्टीनं अडचण अशी की, आमच्याकडं किल्ल्यावर जायचं म्हणजे उतरायचं.

आणि आम्ही जातो ते भर उन्हाळ्यात. सह्याद्रीवाले याला हसतात. ते आषाढ-श्रावणात धबधब्याखाली भिजत चढतात, त्यांना हसायला काय जातंय? आम्ही पावसाळ्यात चढायचं म्हटलं, तर आधी पावसाळ्याचीच वाट बघावी लागते. तो आलाच तर मृगाची पेरणी. मग खुरपणी, फवारणी. दसरा-दिवाळीच्या मधे सोयाबीनची काढणी आणि रास. रास घरात येत नाही तोच हरभरा आणि ज्वारी. मग तूर. शिमग्याच्या पुढं ज्वारीची कणसं मोडून झाली, कडबा गंजीला लागला, की शेतकरी माणूस पहिल्यांदा मान वर करतो. तेव्हा वर बेचाळीस अंशांचं ऊन असतं. तिथंही लग्नसराई आडवी येते. त्यामुळं आमच्याकडं डोंगर चढायचा दिवस हवामान बघून ठरत नाही, पंचांग बघून ठरतो. ज्या दिवशी कुठलीच तिथी नाही, कुणाच्याच मेव्हणीच्या दिराचं लग्न नाही, तो दिवस गिर्यारोहणाला उत्तम.

आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळानं असा एक दिवस हुडकला. मंडळात सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. निवृत्त गुरुजी, खत-बियाण्याचे दुकानदार अण्णा, एक कंपाउंडर, एक पतसंस्थेवाले आणि मी. डॉक्टरनं साखर बघून चालायला सांगितल्यामुळं एकत्र आलेली ही मंडळी. रोज सकाळी लामजन्याच्या रस्त्यानं जेवढं चालतात, त्याच्या दुप्पट वेळ परतल्यावर हॉटेलात बसतात. डोंगराची कल्पना पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्यानं काढली. तो दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतो. त्याच्याकडं बूट आहेत, काठी आहे आणि पाठीवरच्या पिशवीतून नळीनं पाणी ओढायची सोय आहे. ती नळी बघून कंपाउंडर पहिल्याच दिवशी म्हणाले, “सलाइन तोंडातून लावायलाव का?”

कुठं जायचं, यावर तीन संध्याकाळी चर्चा चालली. नळदुर्ग निघाला. तिथला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे बघायचे तर बोरी नदीला पाणी पाहिजे, आणि मे महिन्यात नदीला पाणी आहे का, हे बघायला जायचं तर घरची तेरणा जवळ पडते. उदगीरकडचं हत्तीबेट निघालं, ते लांब पडलं. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथाचं बेट निघालं. तिथं औषधी वनस्पती आहेत म्हटल्यावर मंडळातल्या साखरवाल्यांचे डोळे चमकले, पण त्या वनस्पती पावसाळ्यात उगवतात असं गुरुजींनी सांगितल्यावर विझले. अण्णांचं म्हणणं असं की आपण उजनीला जाऊ. औसा तालुक्यातल्या उजनीला डोंगर नाही. तिथली बासुंदी प्रसिद्ध आहे. “डोंगर कुठंय अण्णा?” म्हटलं, तर म्हणाले, “वाटंत एखादा बघू की.”

शेवटी खरोसा ठरलं. लामजना पाटीवरून निलंग्याच्या रस्त्याला लागलं की जवळच. डोंगर आहे, वर रेणुकादेवी आहे, सहाव्या शतकातली लेणी आहेत आणि येताना निलंगा राईस खाता येतो. चार लोकांच्या चार गरजा एका जागी भागवणारा दुसरा डोंगर आमच्या टापूत नाही.

मग पाणी. पाण्याच्या बाबतीत लातूरकराची चेष्टा करू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय. गाडीचं नाव जलदूत, पहिल्या खेपेला दहा डबे आणि पाच लाख लिटर. ज्या जिल्ह्यानं आगगाडीला घागर लावली, तो सहलीला बाटली घेऊन निघत नसतो. प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलं आणि प्रत्येकानं सगळ्यांपुरतं पाणी आणलं. क्रूझरमध्ये माणसांपेक्षा जार जास्त झाले. भाच्याला एक जार मांडीवर घेऊन बसावं लागलं. त्याची नळीवाली पिशवी टपावर गेली.

निघायचं होतं पहाटे पाचला. भाचा पावणेपाचला बूट घालून ओट्यावर बसला. साडेपाचला गुरुजी आले, ते अजून आंघोळ व्हायची आहे हे सांगायला. अण्णांनी दुकानात एक गिऱ्हाईक अडकल्याचं कळवलं. सकाळी सहाला मे महिन्यात बियाण्याच्या दुकानात कोण गिऱ्हाईक येतं, हे विचारायची पद्धत नाही. पतसंस्थेवाल्यांच्या घरी धपाट्याचं पीठ भिजवलं होतं, पण थापायचं राहिलं होतं. आणि ऐन वेळी माझी आत्या तयार होऊन जीपजवळ उभी. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, पायात रबरी चप्पल, हातात खणानारळाची पिशवी. “देवीला चालला न्हवं? मग मला ठिऊन कसं जाताव?” आम्ही डोंगराला चाललो आहोत आणि देवी मधे आली आहे, हा तपशील तिच्यापुढं टिकण्यासारखा नव्हता. जीप हलली तेव्हा लामजन्याच्या पाटीवरच्या चहावाल्याची दुसरी किटली संपत आली होती.

पायथ्याशी उतरल्यावर भाच्यानं सगळ्यांना गोल करून उभं केलं आणि हातपाय ताणायला लावले. त्याचा असा नियम आहे. मंडळानं हात वर केले, अर्धे खाली घेतले आणि सावली कुठं आहे ते बघितलं. मग त्यानं विचारलं, ऊन लागू नये म्हणून कुणी काय आणलंय? सगळ्यांनी एकाच वेळी खिशातून कांदा काढला. पोरगं गप्प झालं. आमच्याकडं उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. तो ऊन शोषून घेतो म्हणतात. घेतो की नाही ते डॉक्टर सांगतील, पण जेवायच्या वेळी तो बुक्कीनं फोडता येतो, ही सोय टोपीत नाही.

खरोशाच्या डोंगराची एक अडचण आहे. त्याचा माथा पायथ्यापासून दिसतो. सह्याद्रीत जंगल असतं, वळणं असतात, खोटे माथे असतात. खाली उतरणारा प्रत्येक जण चढणाऱ्याला “आलंच, दहा मिनिटं” असं सांगतो आणि त्या खोट्यावर माणूस दोन तास चालतो. इथं खोटं बोलायला जागाच नाही. किती राहिलं ते समोर दिसतंय. त्यामुळं धीर द्यायचा कुणी कुणाला आणि कशाच्या जोरावर? मंडळानं त्यावर उपाय काढला तो बैठकांचा. पहिली बैठक सोयाबीनच्या भावावर झाली आणि ती अर्थातच लांबली, कारण भावावर समाधानानं उठलेला शेतकरी अजून कुणी पाहिलेला नाही. दुसरी बैठक कंपाउंडरच्या गुडघ्यावर. तिसऱ्या बैठकीला विषय नव्हता, नुसता दम होता. भाचा प्रत्येक वेळी पुढं जायचा, मागं बघायचा आणि परत खाली यायचा. अशा रीतीनं एकट्यानं तो डोंगर बहुधा तीनदा चढला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ उंची, ठोके आणि जळालेल्या कॅलरी दाखवत होतं. अण्णांनी विचारलं, “एका धपाट्याच्या किती ओ?” त्यानं सांगितल्यावर अण्णा तिथंच बसले. चढून जेवढं कमावलं त्याच्या दुप्पट डब्यात होतं.

आत्या एव्हाना वर पोहोचून ओटी भरून खाली लेण्याकडं आली होती. तिला बैठक लागली नाही, कारण तिच्याशी बोलायला बरोबर कुणी नव्हतं.

लेणी जांभा दगडात कोरलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याला काळा घट्ट फत्तर मिळाला. इथल्या कारागिराच्या वाट्याला हा भुसभुशीत तांबडा दगड आला. तरी त्यानं नरसिंह कोरला, शिवपार्वती कोरली, कार्तिकेय कोरला, रावण कोरला. चौदाशे वर्षांत वारा-पावसानं नाकडोळे बरेच पुसले. त्यामुळं गुरुजींना ज्ञान सांगायला मोठी मोकळीक मिळते. “हा रावण,” ते म्हणाले. “कशावरून?” “तोंडं जास्त आहेत.” आम्ही मोजायला गेलो तर झिजलेल्या दगडात हिशेब लागेना. तोवर पतसंस्थेवाल्यांनी हे सगळं पांडवांनी एका रात्रीत केल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातल्या एकूण लेण्यांची संख्या बघता पांडवांना वनवासात झोप मिळाली असेल असं वाटत नाही.

या लेण्यांची नीट नोंद करणारा एक मोठा माणूस म्हणजे जेम्स बर्जेस. हा स्कॉटिश गृहस्थ १८७५-७६ च्या हंगामात त्या वेळच्या निजामी मुलखात फिरला आणि बीदर-औरंगाबाद भागातल्या प्राचीन अवशेषांवरचा त्याचा अहवाल १८७८ मध्ये छापून आला. गुरुजींनी हे सांगितल्यावर कंपाउंडरनी एकच प्रश्न विचारला, “साहेब उन्हाळ्यात आला होता का?” हे साहेब लोक दौऱ्याला हिवाळ्यात निघत. “मग त्याला शेती नसंल,” असा निकाल लागला आणि बर्जेसचा विषय संपला.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि लेण्यात गारवा होता. मंडळ आत जे बसलं ते उठेना. डबे तिथंच सोडावेत असा विचार दिसत होता. आत्या मात्र दाराच्या आत आली नाही. बाहेर दगडावर, डोक्यावर पदर ओढून बसून राहिली. भाचा दोनदा बोलवायला गेला. “आजी, आत गार आहे.” ती म्हणाली, “असू दे. मी दगडाखाली बसत न्हाई.” गुरुजींनी समजावलं की हे लेणं चौदाशे वर्षं उभं आहे, त्र्याण्णवलाही उभं राहिलं. आत्या म्हणाली, “आमचा वाडाबी लई वर्सं हुबा होता, गुरुजी.”

किल्लारीतली जुनी घरं काळ्या दगडाच्या जाड भिंतींची होती, वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात ती अशीच गार असायची. त्र्याण्णवच्या त्या रात्री अनंत चतुर्दशीचा गणपती बुडवून लोक त्यांत झोपले होते.

कुणी काही बोललं नाही. अण्णांनी डबे उचलले आणि म्हणाले, “बाहेर बसू. ऐतिहासिक वास्तूत जेवू नये.” अण्णांच्या तोंडून इतिहासाबद्दल एवढा आदर आम्ही आधी कधी ऐकला नव्हता. एका लिंबाखाली, सावली सरकेल तसं सरकत, पंगत बसली.

आणि इथं मंडळ खऱ्या अर्थानं शिखरावर पोहोचलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मडक्यातलं दही, कैरीचा तक्कू, लसणाचा ठेचा आणि खिशाखिशातून निघालेले कांदे. भाच्यानं आपल्या पिशवीतून खजूर आणि काजूची कसलीशी चौकोनी वडी काढली. ती चाखून पतसंस्थेवाल्यांनी सौम्यपणे विचारलं की हे खायचं असतं की कशाला लावायचं. जेवणाच्या बाबतीत आमच्या भागाला कुणी शिकवू नये, कारण समूहानं रानात जाऊन जेवायचा आमचा अभ्यास जुना आहे. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, ही आमची मूळ सहल. डिसेंबर-जानेवारीत त्या दिवशी लातूर जिल्ह्यातली गावं आणि शहरं ओस पडतात. दुकानं बंद, रस्ते रिकामे, सगळी माणसं शेतात. कोपीत पांडवांची पूजा करायची, आंबिल प्यायची, भज्जी-भाकरी खायची, ज्याला शेत नाही त्यालाही हाताला धरून न्यायचं आणि संध्याकाळी पोट सांभाळत घरी यायचं. त्या दिवसाला ना बूट लागतात, ना घड्याळ. नुसती भूक लागते. खरोशाला आम्ही येळवसच करत होतो, फक्त थोडी उंचावर आणि चुकीच्या ऋतूत.

जेवून झाल्यावर गुरुजींनी कडेला उभं राहून आजूबाजूचा मुलूख दाखवला. नांगरलेली काळी रानं, मधे मधे पत्र्याची चमक, आणि लांब कुठंतरी हात करून, “ती किल्लारी.” दिसत काही नव्हतं, पण सगळ्यांनी बघितली. भाच्यानं फोटो काढले. सह्याद्रीतल्या त्याच्या मित्रांना त्यानं ते लगेच पाठवले, तर उत्तर आलं, “डोंगर कुठाय?” तो म्हणाला, “डोंगरावरूनच काढलाय.” पलीकडून परत, “दिसत नाहीये.” आता ज्या डोंगरावर आपण उभे आहोत तो फोटोत कसा येणार, हे त्यांना कोण सांगणार? आणि ३३८ मीटर आत आहे, हे तर सांगूनही पटलं नसतं.

उतरताना बैठका झाल्या नाहीत. खाली निलंग्याचा राईस होता. जीपमध्ये अण्णांनी पुन्हा एकदा उजनीच्या बासुंदीचा विषय काढला. उजनी अगदी दुसऱ्या दिशेला आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं आणि त्यावर निलंग्यापर्यंत गंभीर चर्चा केली. मांडीवरचा जार अजून भरलेला होता. एवढं करून उरलेलं पाणी कुणी ओतून दिलं नाही. ते घरी परत आलं आणि आत्यानं तुळशीला घातलं.

तुम्हाला खरोशाला यायचं असेल तर लातूरहून औसा, मग लामजना आणि तिथून निलंग्याचा रस्ता धरायचा. शक्यतो हिवाळ्यात या, बर्जेसही तसंच करी. शेतीमुळं मे महिन्यातच जमणार असेल तर ऊन चढायच्या आत वर पोहोचा, पाणी घरून आणा, आणि झिजलेल्या मूर्तींवर हात फिरवून त्या आणखी झिजवू नका. दुपारी लिंबाखाली एखादं मंडळ पंगत मांडून बसलेलं दिसलं तर बुजू नका, जाऊन बसा. भाकरी जास्तीचीच असते. कांदा तेवढा आपला आपण आणा.